खेळ आणि दैनंदिनी एकाच यंत्रात: इंदूरच्या बाजारात असे हँडहेल्ड चालेल काय?

प्रश्न: जेलरोडकर (इंदूर)

नमस्कार. इंदूरच्या जेल रोडवर आमचे मोबाइल आणि त्याच्या सुट्या सामानाचे दुकान आहे. गेमिंगचे हेडफोन, कंट्रोलर अशा वस्तूंना अलीकडे बरा उठाव येऊ लागल्याने एक कपाट आम्ही त्यांच्यासाठी मोकळे केले आहे. आमच्या एका घाऊक पुरवठादाराने नुकतेच एक नवे हँडहेल्ड नमुन्यादाखल आणून ठेवले असून दिवाळीच्या आत त्याचा माल उचलावा, असा त्याचा आग्रह आहे. त्या यंत्राविषयी, आणि खरे तर अशा दुहेरी उपयोगाच्या यंत्रांविषयीच, जाणकारांचे मत हवे आहे.

यंत्राचा पडदा साडेपाच इंचांचा आहे, दोन्ही बाजूंना अंगठ्याने फिरवायच्या काड्या, उजवीकडे चार बटणे, पाठीमागे ट्रिगर आणि वरच्या कडेला खाचेत बसणारी एक लेखणी आहे. आत अँड्रॉइड आहे. माथ्यावरची खटकी एका बाजूला सरकवली की खेळांचा पडदा येतो आणि दुसऱ्या बाजूला सरकवली की ‘कामकाज’ उघडते, ज्यात दिनदर्शिका, स्मरणसूचना, लेखणीने लिहायची वही, पत्त्यांची यादी आणि उधारी-वसुलीची खातेवही आहे. सिमकार्डाची सोय नाही. वायफाय आणि ब्लूटूथ मात्र आहे. गिऱ्हाइकाला ते २४ हजारांच्या आसपास पडेल. सोबत जुन्या खेळांनी भरलेले एक मेमरी कार्डही ‘भेट’ म्हणून मिळते.

पुरवठादाराचे म्हणणे असे की, भंवरकुआँच्या कोचिंगमधील मुले आणि सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांतील तरुण नोकरदार यांच्यासाठी हे यंत्र नेमके आहे, कारण दिवसा काम आणि रात्री खेळ अशी दोन्हींची सोय त्यात होते. अटी मात्र कडक आहेत: पैसे आगाऊ, न विकलेला माल परत नाही, आणि दुरुस्तीसाठी यंत्र दुसऱ्या शहरी पाठवावे लागणार. यापूर्वी असे प्रयोग झाले असतील, तर ते कुठे अडले? आणि आता काही बदललेले आहे काय?

उत्तर: जुना पामवाला (इंदूर)

तुमचे वर्णन वाचताना मला टॅपवेव्ह कंपनीचे झोडियाक आठवले. खिशात मावणारी दैनंदिनी-यंत्रे बनवणाऱ्या पाम कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी २००१ मध्ये टॅपवेव्ह काढली आणि २००३ च्या अखेरीस हे यंत्र अमेरिकेत विक्रीला आणले. तुमचा पुरवठादार आज जे सांगतो आहे, जवळजवळ तेच त्यांनी तेव्हा सांगितले होते: पाम ओएसवर चालणारी भरवशाची दैनंदिनी आणि कन्सोलच्या तोडीचे खेळ, दोन्ही एकाच खिशात. एका सहकाऱ्याने तिकडून आणलेले झोडियाक मी बराच काळ हाताळले आहे. आडवे धरायचे, धातूच्या कवचाचे, ४८० बाय ३२० पिक्सेलच्या पडद्याचे ते यंत्र दिसायला देखणे होते. आत चित्रांसाठी एटीआयची वेगळी चिप होती, आवाजासाठी यामाहाची, दोन एसडी कार्डांच्या खाचा होत्या आणि ब्लूटूथही होते. डूम २ सारखा खेळ मध्येच थांबवून उद्याच्या भेटीची वेळ टिपून ठेवता येत असे आणि ती नोंद संगणकाशी जुळवूनही घेता येत असे. यंत्र म्हणून त्याला नावे ठेवायला मला तेव्हाही जागा सापडली नव्हती आणि आजही सापडत नाही.

तरीसुद्धा २००५ च्या जुलैमध्ये ते बंद झाले, आणि ते का झाले हे तुमच्या कामाचे आहे. झोडियाकची दोन रूपे २९९ आणि ३९९ डॉलरना मिळत, तर त्याच सुमारास निन्टेन्डोचा गेम बॉय ॲडव्हान्स एसपी ९९ डॉलरना मिळत होता आणि त्याच्यामागे खेळांची भलीमोठी रास उभी होती. दुसरे असे की, झोडियाक दुकानात येण्याच्या काही महिने आधीच, मे २००३ मध्ये, सोनीने पीएसपी या आपल्या हातात धरायच्या खेळयंत्राची घोषणा करून ठेवली होती. एवढी मोठी कंपनी उतरणार हे ठाऊक असताना खेळ तयार करणाऱ्यांनी एका नवख्या कंपनीच्या यंत्रासाठी आपली माणसे का गुंतवावीत? खेळाचे यंत्र विकले जाते ते त्यावरच मिळणाऱ्या खेळांच्या जोरावर, आणि ते झोडियाकला पुरेसे मिळालेच नाहीत.

माझ्या मते सर्वांत जड कारण मात्र तिसरे होते. त्याच २००३ च्या शरद ऋतूत ट्रिओ ६०० हा फोन आला, ज्यात पामची सगळी दैनंदिनी फोनच्या आतच बसवलेली होती. दैनंदिनीसाठी वेगळे यंत्र बाळगण्याची गरजच त्या क्षणापासून ओसरू लागली. म्हणजे झोडियाकच्या अर्ध्या उपयोगाचे गिऱ्हाईक फोनकडे निघाले होते आणि उरलेल्या अर्ध्याचे पीएसपीची वाट पाहत थांबले होते.

नोकियाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एन-गेज आणून उलट्या बाजूने तीच वाट धरली होती, फोनमध्ये खेळ घालण्याची. खेळाचे कार्ड बदलायचे तर मागचे झाकण उघडून बॅटरी काढावी लागे, आणि बोलताना फोनची कड कानाला लावावी लागत असल्याने रस्त्यावरचे लोक वळून पाहत. पुढच्या वर्षीच्या क्यूडी या सुधारित आवृत्तीत दोन्ही दोष काढले गेले. तोवर व्हायची ती टिंगल होऊन गेलेली होती. सोनी एरिक्सनने २०११ मध्ये सरकत्या बटणांचा एक्सपीरिया प्ले काढून पाहिला, पण त्याला वारस आला नाही.

याउलट निन्टेन्डोचे डीएस आणि स्विच पाहा. दोन्ही प्रत्येकी १५ कोटींहून अधिक विकले गेले, आणि कोणीही ते भेटीच्या वेळा टिपण्यासाठी विकत घेतले नाहीत. २०२२ साली आलेल्या स्टीम डेकमध्ये तर पूर्ण लिनक्स संगणक दडलेला आहे, कळफलक जोडून त्यावर पत्रेसुद्धा लिहिता येतात; पण त्याची निर्माती कंपनी वाल्व्ह ते विकते खेळाचे यंत्र म्हणूनच, आणि संगणक त्यासोबत फुकट येतो. दोन उपयोग सारख्याच तोलाने मांडणारे यंत्र दोन्हीकडच्या गिऱ्हाइकाला अर्धेच वाटते. तेव्हा पुरवठादाराला एवढेच विचारा की, ‘कामकाज’ काढून टाकले तर हे यंत्र २४ हजारांना विकले जाईल काय? आणि बटणे काढून टाकली तर?

उत्तर: कलाभवनकर (बडोदे)

इतिहास वर नेमका आला आहे. मी बडोद्यात छोट्या उपकरणांची सर्किटे तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे मला ही अडचण बाजाराइतकीच बॅटरीची आणि आकाराची दिसते. दैनंदिनीच्या यंत्राला जे लागते, त्याच्या नेमके उलट खेळाच्या यंत्राला लागते.

१९९६ चे पायलट, म्हणजे पामचे पहिले दैनंदिनी-यंत्र, दोन बारीक, ट्रिपल-ए सेलवर काही आठवडे चालत असे. पडदा काळा-पांढरा आणि बिनउजेडाचा, प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा, आणि बोट उचलले की यंत्र लगेच डुलकी घेणार. बटण दाबताच कालचे पान समोर येत असे. ‘सुरू होण्याची’ वाट पाहणे हा प्रकारच नव्हता. लोक त्यात सवयीने टिपणे ठेवू लागले, ते याच दोन गुणांमुळे. आता खेळाकडे वळा. स्टीम डेक आणि २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आलेले आसुसचे आरओजी अलाय, या दोहोंच्या पहिल्या आवृत्त्यांत ४० वॅट-तासांची बॅटरी आहे. नुसती मुख्य चिप १५ वॅट ओढू लागली, तरी हिशेबाने अडीच तासांच्या थोडे वर जाता येते. त्यात पडदा, पंखा आणि वायफाय धरले की जड खेळ दोन तासांच्या आतबाहेर आटोपतो. शिवाय वजन ६०० ग्रॅमच्या पुढे. असे यंत्र शर्टाच्या खिशात राहत नाही, पिशवीत जाते, आणि पिशवीतल्या दैनंदिनीपेक्षा हातातला फोन नेहमीच आधी उघडला जातो.

तुमचे यंत्र अँड्रॉइडचे असल्याने इतके खादाड नसेल. त्याच्या तळाशी बॅटरीचा आकडा मिलिॲम्पिअर-तासांत छापलेला असेल, त्याला ३.८५ ने गुणून १००० ने भागले की वॅट-तास मिळतात. ५००० चा आकडा असेल तर सुमारे १९ वॅट-तास झाले, म्हणजे साध्या फोनइतकेच. रात्री कोणी खेळत बसला आणि बॅटरी उतरली, की सकाळी सहाची स्मरणसूचनाही त्याच बॅटरीबरोबर गेली. फोनच्या बाबतीत मनुष्य निदान झोपण्यापूर्वी आठवणीने चार्जर लावतो. दुसऱ्या यंत्राला तेवढा मान मिळत नाही.

सिम नसण्याचा मुद्दा तर मला निर्णायक वाटतो. नोकरदाराची किंवा दुकानदाराची आजची खरी दैनंदिनी म्हणजे पैसे दिल्या-घेतल्याची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप. यूपीआयची नोंदणी करताना त्याच यंत्रातल्या सिमवरून संदेश जावा लागतो. तो या यंत्रातून जाणारच नाही. म्हणजे फोन सुटत नाही, आणि फोन सुटत नसेल तर दिनदर्शिका दोन ठिकाणी कोण सांभाळणार?

नमुना तुमच्याकडे आहेच, तर माल उचलण्यापूर्वी काही गोष्टी करून पाहा. यंत्र पूर्ण चार्ज करून पडदा मिटवून रात्रभर ठेवा आणि सकाळी किती टक्के उतरले ते पाहा. दहा मिनिटांनंतरची स्मरणसूचना लावून खेळ सुरू करा आणि ती खेळावर उमटते की गिळली जाते ते तपासा. यंत्र टेबलावर ठेवून लेखणीने उजव्या कोपऱ्यात लिहून पाहा: पाठीमागचे ट्रिगर उंचवटा करत असतील तर ते हलेल, आणि उजवी काडी तळहाताला टोचेल. खातेवहीतील नोंदी बाहेर काढून संगणकावर नेता येतात काय, हेही पाहाच, कारण ज्या वहीतून हिशेब बाहेर येत नाही ती वही कोणताही व्यापारी दुसऱ्या महिन्यात ठेवून देतो.

उत्तर: लष्करवासी (ग्वाल्हेर)

मी ग्वाल्हेरच्या एका शाळेत शिकवतो आणि मुलांच्या पालकांशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. वरच्या दोन्ही उत्तरांत असे गृहीत धरले आहे की, वापरणारा आणि पैसे देणारा एकच असतो. कोचिंगच्या मुलाच्या बाबतीत तसे नसते.

१९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचे, कळफलक लावलेले आणि ‘शिक्षणाचा संगणक’ म्हणून विकले जाणारे खेळयंत्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आले होते. त्यावर टायपिंगचा आणि गणिताचा एखादा धडा असे, आणि बाकी सगळे उड्या मारणारे व गोळ्या झाडणारे खेळ. वडिलांना ते ठाऊक नसे असे मुळीच नाही. त्यांना आईसमोर मांडायला एक कारण हवे असे, आणि कळफलक ते कारण पुरवत असे. तुमच्या यंत्रातील ‘कामकाज’ त्याच जातीचे आहे. म्हणून दुहेरी उपयोग कधीच विकला जात नाही असे म्हणणे मला पटत नाही. तो विकला गेला होता, पण त्या यंत्राची किंमत मध्यमवर्गीय घराला वाढदिवसाला झेपेल एवढीच होती. आज २४ हजारांत चांगला फोन येतो, आणि ‘अभ्यासासाठी’ हे निमित्त तर २०२० च्या ऑनलाइन वर्गांपासून फोननेच पळवले आहे.

खेळांविषयी सांगायचे तर, माझ्या वर्गातली मुले ज्या खेळाबद्दल मधल्या सुट्टीत बोलतात तो बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आहे, आणि तो बोटांनी काचेवर खेळायचा खेळ आहे. चार बोटे काचेवर नाचवण्याची त्यांना सवय असते. कंट्रोलरच्या बटणांना त्या खेळात अधिकृत आधार नाही. कॉल ऑफ ड्यूटीच्या मोबाइल आवृत्तीत तो आहे. गिऱ्हाईक तुमच्या दुकानात नमुना हातात घेऊन सर्वप्रथम बीजीएमआयच उघडेल, आणि काड्या फिरवूनही काही हलत नाही असे दिसले की यंत्र काउंटरवर परत ठेवेल. एकाच खेळावर विसंबण्यात आणखीही धोका आहे: पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. अशा खेळाच्या भरवशावर दिवाळीचा माल भरणे मला तरी जोखमीचे वाटते.

मात्र कलाभवनकरांना जो दोष वाटतो, तोच मला या यंत्राचा एकमेव खरा गुण वाटतो. सिम नाही, म्हणजे अनोळखी माणसाचा फोन नाही, मुलाच्या नावावर नंबर नाही आणि पैशांचा व्यवहारही नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला फोन द्यायचा नाही, पण वर्गातल्या इतरांच्या मानाने अगदीच कोरडेही ठेवायचे नाही, अशा पेचात सापडलेले पालक मला दर आठवड्याला भेटतात. त्यांना वेळापत्रक, गृहपाठाची नोंद आणि मोजका खेळ असे यंत्र दाखवले तर ते थांबून पाहतील. पण त्यासाठी किंमत निम्म्यावर यायला हवी आणि खेळाची वेळ पालकांना कुलूपबंद करता यायला हवी. तुमचा पुरवठादार भंवरकुआँकडे बोट दाखवतो आहे. माझ्या मते त्याचे गिऱ्हाईक त्याहून चार-पाच वर्षांनी लहान आहे.

पुन्हा: जेलरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या गोष्टी करून पाहिल्या. रात्रभर पडदा मिटवून ठेवल्यावर बॅटरी जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरली. खेळ चालू असताना लावलेली स्मरणसूचना वाजलीच नाही. खटकी सरकवून ‘कामकाजा’त गेल्यावर ती ‘वेळ टळून गेली’ अशा लाल अक्षरांत दिसली. टेबलावर लिहिताना यंत्र डुलते हेही खरे; हातात धरून लिहिले तर लेखणी सुरेख चालते, तिच्यात उणे काढता येणार नाही. खातेवहीतून काहीही बाहेर काढता येत नाही, आणि आमच्या मुनीमजींनी तर तेवढे ऐकूनच तोंड फिरवले.

गंमत म्हणजे, नमुना काउंटरवर ठेवलेला असताना एका गृहस्थांनी आधी “यात सिम लागते का?” असे विचारले, आणि नाही म्हटल्यावर तो उचलून बराच वेळ पाहिला. किंमत ऐकून ते गेले, पण लष्करवासी म्हणतात ते गिऱ्हाईक अस्तित्वात आहे एवढे तरी दिसले. कोचिंगची मुले आली ती थेट बीजीएमआयवर, आणि पुढचे आपण वर्तवल्याप्रमाणेच झाले.

पुरवठादाराला मी कळवले आहे की, माल घेतला तर जांगडावर घेईन आणि तोही मोजकाच. विकला जाईल तसे पैसे. त्याने होकार दिलेला नाही, पण आगाऊचा आग्रह मात्र सोडला आहे. भेट म्हणून येणाऱ्या खेळांच्या कार्डाचे काय करावे?

उत्तर: जुना पामवाला

कार्ड घेऊ नका, आणि यंत्राच्या खोक्यातही राहू देऊ नका. त्यावरचे हजारो खेळ मूळ कंपन्यांच्या परवानगीने भरलेले असण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याखाली अशा प्रती विकणे हाही गुन्हाच ठरतो, आणि ‘फुकट दिले होते’ हा बचाव पावती फाडणाऱ्या दुकानदाराला फारसा उपयोगी पडत नाही. पुरवठादार कार्डावर एवढा भर देत असेल, तर त्यावरून या यंत्राजवळ स्वतःचे असे खेळ किती आहेत याचाही अंदाज येतो. झोडियाक अडखळले ते नेमके इथेच.

लष्करवासींचा मुद्दा मला मान्य आहे, पण पालकांसाठी म्हणून यंत्र विकायचे असेल तर ‘कामकाज’ मुळापासून वेगळे बांधावे लागेल: उधारीच्या वहीऐवजी गृहपाठाची वही, आणि खेळाला वेळेचे कुलूप. ते काम निर्मात्याचे आहे, दुकानदाराने पोस्टर बदलून ते होणार नाही.

उत्तर: कलाभवनकर (बडोदे)

जांगडाची अट योग्यच आहे; तीत आणखी दोन गोष्टी लेखी घ्या. पहिली, अँड्रॉइडचे सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळणार; मुलाच्या हाती द्यायचे यंत्र असेल तर हे पालक विचारतीलच. दुसरी, काड्यांची. या काड्यांच्या आत घासून झिजणारी छोटी पट्टी असते, आणि ती झिजली की बोट न लावताही खेळातला माणूस एका बाजूला चालू लागतो. स्विचच्या जॉय-कॉन या कंट्रोलरबाबत ही तक्रार जगभर गाजली. भाग स्वस्त असतो आणि डागकाम येणारा कोणीही कारागीर तो अर्ध्या तासात बदलू शकतो, पण त्या मापाची काडी हाताशी असायला हवी. तेव्हा सुट्या काड्या मालासोबतच द्या, आणि वॉरंटीच्या काळातही त्या इंदुरातच बदलण्याची मुभा द्या, असे पुरवठादाराला सांगा. त्यासाठी यंत्र दुसऱ्या शहरी पाठवावे लागणार असेल, तर जांगडावरही घेऊ नका.